रहीमसाहेब आणि आपला डाव्या पायाचा तास

स्मरणिकेसाठी लेख पाठव, विषय तुझा तू ठरव, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी बरेच दिवस गप्प बसलो. शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. कुणी गॅदरिंगवर लिहील, कुणी गणिताच्या बाईंच्या पट्टीवर, कुणी पावसाळ्यात गळणाऱ्या सातवी ब वर. मला मात्र सारखा एकच तास आठवत राहिला. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा पी.टी.चा तास आणि मैदानावर शिट्टी तोंडात धरून उभे असलेले आपले सर.

महिन्यातून एका शनिवारी सर फुटबॉलची एक विचित्र मॅच लावायचे, हे तुम्हाला आठवत असेल. उजव्या पायाने खेळणाऱ्याने फक्त डाव्या पायाने खेळायचे. वर्गात डावखुरे दोघेच होते, त्यांनी फक्त उजव्या पायाने. चेंडूला चुकीचा पाय लागला की शिट्टी आणि फाऊल. आपण याला डाव्या पायाचा तास म्हणायचो आणि ती एक प्रकारची शिक्षाच समजायचो. हे कशासाठी, असे कुणी विचारले तर सर एवढेच सांगत की हा रहीमसाहेबांचा खेळ आहे. हे रहीमसाहेब कोण, हे मात्र आपल्यापैकी कुणीही विचारले नाही. स्टेशनजवळच्या सायकलच्या दुकानातले रहीमचाचा सरांचे दोस्त असावेत आणि त्यांनीच हे खूळ सरांच्या डोक्यात भरले असावे, असा आपला पक्का समज होता.

रहीमसाहेब कोण, हे मला कळायला पुढे चाळीस वर्षे लागली. 2020 च्या मार्चमध्ये प्रदीपकुमार बॅनर्जी म्हणजे पी. के. गेले. भारताचे एकेकाळचे मोठे फुटबॉलपटू आणि नंतरचे मोठे प्रशिक्षक. पाठोपाठ लॉकडाऊन लागला, घरी बसून वाचायला वेळच वेळ होता. पी. के. यांच्यावरच्या लेखांमध्ये त्यांच्या गुरूचे नाव पुन्हा पुन्हा येत होते, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यातच कुठेतरी वाचले की हे रहीम मुलांसाठी अशा स्पर्धा भरवत, ज्यात फक्त कमजोर पायानेच खेळायची परवानगी असे. मी चष्मा काढला, पुसला आणि ते वाक्य पुन्हा वाचले. मग सरांचा नंबर शोधला.

त्या फोनबद्दल शेवटी लिहितो. आधी रहीमसाहेबांबद्दल, कारण आपल्याला ज्यांनी शिकवले त्यांना कुणी शिकवले, हे एकदा नीट माहीत असायला हवे.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबादेत झाला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच निजामी राज्याचा भाग होता, म्हणजे आपले आजोबा आणि रहीम एकाच संस्थानाचे रहिवासी. उस्मानिया विद्यापीठात शिकताना ते फुटबॉल खेळत. पुढे स्थानिक लीगमधल्या कमर क्लबकडूनही खेळले. पण त्यांचे नाव झाले ते खेळाडू म्हणून नव्हे. बी. ए. झाल्यावर ते शाळामास्तर झाले. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल-उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा हैदराबादेतल्या शाळांमध्ये त्यांनी नोकरी केली. मध्येच शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेच्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. थोडक्यात, ते पी.टी.चे सर होते. भारताला आशियाई खेळांत फुटबॉलची दोन सुवर्णपदके मिळवून देणारा माणूस आयुष्यभर मनाने शाळेच्या मैदानावरचा मास्तरच राहिला, आणि माझ्या मते त्यांच्या मोठेपणाचे मूळ तिथेच आहे.

मास्तर आणि प्रशिक्षक यांत फरक असतो. प्रशिक्षकाला तयार खेळाडू मिळतात, त्यातले चांगले निवडायचे आणि जिंकायचे. मास्तराला वर्गात बसलेली सगळी मुले घ्यावी लागतात. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला रहीम हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि त्यांनी मास्तराच्याच पद्धतीने कामाला हात घातला. त्या काळी आपल्याकडे फुटबॉल म्हणजे एक तर चेंडू उंच आणि लांब मारायचा, नाहीतर एकट्याने पायात खेळवत, चार जणांना चकवत न्यायचा. प्रेक्षकांना तेच आवडे. रहीम यांनी मुलांसाठी ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा सुरू केल्या. चेंडू आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा, स्वतःपाशी ठेवायचा नाही. कमी उंचीच्या मुलांच्या वेगळ्या स्पर्धा घेतल्या, म्हणजे धिप्पाड मुलांच्या गर्दीत ती मागे पडू नयेत. आणि कमजोर पायाच्या स्पर्धा घेतल्या. कारण साधे होते. ज्याचा एकच पाय चालतो, त्याला कुठल्या बाजूने अडवायचे हे समोरच्याला आधीच ठाऊक असते. दोन्ही पाय चालले की समोरचा गोंधळतो. या खेळांना ना मोठा खर्च होता, ना साहित्य. फक्त नियम बदलायचा आणि मुलांना खेळू द्यायचे. पी.टी.च्या सरांच्या हाती जेवढे असते तेवढ्यातच त्यांनी सगळे बसवले.

1950 मध्ये त्यांच्याकडे हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे प्रशिक्षण आले. इथे थोडे थांबायला हवे, कारण आपल्या भागातल्या माणसाला हे नाव ऐकताना काय वाटत असेल, हे आपल्यालाच कळेल. 17 सप्टेंबरला आपण शाळेत झेंडावंदन करायचो, मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेलेले गावातले वृद्ध खुर्च्यांवर बसलेले असायचे. 1948 चे ते दिवस त्यांच्यासाठी इतिहासाचा धडा नव्हते. निजामी राजवटीशी जोडलेल्या कुठल्याही नावाबद्दल त्यांच्या मनात अढी होती आणि ती असणे साहजिक होते. सरांचे वडीलही त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांपैकी एक होते. अशा घरातला मुलगा हैदराबादच्या पोलीस संघाचा चाहता झाला, हे साधे नाही.

पण संघच तसा होता. मुंबईच्या कूपरेज मैदानावर ब्रिटिशांच्या काळापासून रोव्हर्स कप ही मोठ्या मानाची स्पर्धा होत असे. संस्थान विलीन होऊन दोनच वर्षे झाली होती. हैदराबादचा हा पोलीस संघ 1950 मध्ये मुंबईत आला आणि रोव्हर्स कप घेऊन गेला. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे हा कप हैदराबादला गेला. कलकत्त्याच्या नामांकित क्लबांची तेव्हा देशभर सत्ता होती. मुंबईचे प्रेक्षकही दर्दी. कूपरेजच्या बाकांवर बसून त्यांनी पाहिले, की साधी नोकरदार माणसे एकमेकांना असे पास देत आहेत, जणू सगळ्यांच्या पायांना एकच डोके आहे. त्या दिवसांची आठवण काढणारे म्हातारे मला नोकरीच्या काळात कूपरेजच्या आसपास भेटले आहेत. ते खेळाडूंची नावे घेत आणि शेवटी हमखास रहीमवर येत.

भारताच्या संघाची जबाबदारीही याच सुमारास त्यांच्याकडे आली. 1951 च्या मार्चमध्ये दिल्लीला पहिले आशियाई खेळ भरले. शैलेन मन्ना कप्तान होते. इंडोनेशियाला 3-0, अफगाणिस्तानला 3-0 आणि अंतिम सामन्यात इराणला 1-0 असे हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. तो एकमेव गोल साहू मेवालाल यांचा. देश स्वतंत्र होऊन चार वर्षेही झाली नव्हती. सामना पाहायला पंडित नेहरू आले होते.

पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये याच संघाला युगोस्लाव्हियाने 10-1 असे धुऊन काढले. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. आपल्या मैदानांवर जे चालत होते ते तिथल्या थंड, ओल्या हिरवळीवर आणि बूट घातलेल्या तरबेज संघापुढे टिकले नाही. त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. चाहत्यांच्या गोष्टींत हा पराभव सहसा गाळला जातो. मला तो गाळावासा वाटत नाही. दहा गोल खाऊन परतलेला मास्तर पुन्हा शाळेच्या मैदानावर गेला, परदेशी संघ कसे खेळतात ते समजून घेत राहिला आणि चार वर्षांनी त्याच स्पर्धेत वेगळाच संघ घेऊन उतरला. सुवर्णपदकापेक्षाही ही चार वर्षे मला महत्त्वाची वाटतात.

आता 1956. हे वर्ष आपल्या पालकांच्या पिढीला दुसऱ्याच कारणाने आठवते. 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, कन्नड जिल्हे म्हैसूरला आणि आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोबर एक महिन्याने, 1 डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी झाला. हंगेरीने आधीच माघार घेतल्यामुळे पहिल्या फेरीत आपल्याला खेळावे लागले नव्हते. या सामन्यात नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले, भारत 4-2 असा जिंकला आणि उपांत्य फेरीत पोहोचला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला हा आशियातला पहिला संघ. नेव्हिल मूळ गोव्याचे, खेळायचे मुंबईत. म्हणजे प्रशिक्षक आपण नुकत्याच सोडलेल्या राज्याचा आणि हॅट्ट्रिक करणारा आपण नुकतेच ज्या राज्यात आलो त्याच्या राजधानीतला. सर तेव्हा हैदराबादेत कॉलेजला होते. वर्तमानपत्र हातात घेऊन आपण एकाच वेळी दोन गावांचे झाल्यासारखे वाटले, असे ते फोनवर म्हणाले.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. पहिला गोल आपला झाला, तोही नेव्हिल यांचाच, पण शेवटी 4-1 अशी हार झाली. मग तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने 3-0 ने हरवले. चौथा क्रमांक. पदक नाही, पण 10-1 वरून इथपर्यंत यायला चारच वर्षे लागली होती. आजपर्यंत भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये याच्या पुढे गेलेला नाही. परतताना सिडनीला ऑस्ट्रेलियाशी मैत्रीचा सामना झाला, तो आपण 7-1 असा जिंकला.

त्याच हंगामात आणि पुढच्या हंगामात आंतरराज्य संतोष ट्रॉफी हैदराबादने जिंकली. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर मुंबई होती. दुसरा अंतिम सामना हैदराबादेतच झाला. हैदराबाद 3, मुंबई 1. सर त्या गर्दीत उभे होते. कागदोपत्री ते आता मुंबई राज्याचे. हैदराबादचा गोल झाला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या मित्राने हसून विचारले, की अरे, तू आता कुठल्या राज्याचा? सरांनी उत्तर दिले नाही. फोनवर हे सांगताना ते हसले. राज्य सरकार ठरवते, पण माणूस कुणाचा चाहता होतो ते सरकारला ठरवता येत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

चाहते म्हटले की ते जिंकण्याबद्दल बोलतात. रहीम यांचे जे खेळाडू पुढे आयुष्यभर त्यांची आठवण काढत राहिले, ते मात्र वेगळ्याच गोष्टी सांगत. तुळशीदास बलराम हे सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचे, गरिबाघरचे पोर. रहीम यांनी त्यांना खेळताना पाहिले आणि सरावाला बोलावले. हैदराबादपर्यंत रोज यायला पैसे नाहीत, असे त्या मुलाने सांगितले. रहीम यांनी त्याला सायकल भाड्याने घेण्यासाठी पैसे दिले. तो मुलगा मेलबर्नला गेला, रोमला गेला, जकार्ताला गेला आणि भारताच्या सर्वांत मोठ्या फुटबॉलपटूंत गणला गेला. आपल्या शाळेत तालुक्याच्या स्पर्धेला जाताना एसटीचे भाडे कुणाकुणाच्या घरून यायचे नाही आणि तरीही सगळी मुले एसटीत कशी बसलेली असायची, हे आठवून पाहा. तेव्हा आपण हिशेब केला नव्हता.

1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते. हंगेरीशी 2-1 अशी निसटती हार झाली, फ्रान्सशी 1-1 बरोबरी झाली, पेरूकडून 3-1 ने हरलो आणि गटातच स्पर्धा संपली. पण कांस्यपदक जिंकणाऱ्या हंगेरीला आपल्याविरुद्ध फक्त एका गोलाने जिंकता आले होते. या संघात रहीम यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीमही होता.

आणि मग 1962 ची जकार्ता. भारतीय फुटबॉलच्या चाहत्यांना हा शब्द उच्चारला तरी पुरतो.

या आशियाई खेळांतून इस्राएल आणि तैवानला यजमानांनी वगळले होते. त्यावर एका भारतीय पदाधिकाऱ्याने जाहीर आक्षेप घेतला आणि जकार्तातले वातावरण भारताविरुद्ध पेटले. आपले खेळाडू मैदानात उतरले की प्रेक्षक हुर्यो उडवत. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून 2-0 ने हरलो. थायलंडला 4-1 ने हरवले, पण त्या सामन्यात बचावातला सर्वांत भक्कम गडी जर्नेलसिंग याच्या डोक्याला जखम झाली आणि टाके पडले. जपानला 2-0 ने हरवून भारत उपांत्य फेरीत आला. डोक्याला टाके असलेल्या बचावपटूला हेडर मारायला लावणे धोक्याचे, आणि त्याला बाहेर बसवणे संघाला परवडणारे नव्हते. रहीम यांनी त्याला डोक्याला पट्टी बांधून थेट आघाडीच्या फळीत, सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला 3-2 ने हरवताना त्याने गोलही केला.

4 सप्टेंबर 1962. अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी. स्टेडियममध्ये सुमारे लाखभर माणसे आणि जवळजवळ सगळी आपल्या विरोधात. गोलकीपर पीटर थंगराज तापातून नुकताच उठलेला, पण अनुभव आणि उंची पाहून रहीम यांनी त्यालाच गोलात उभे केले. आदल्या रात्री रहीम यांनी खेळाडूंना जवळ बोलावून सांगितले, की मला उद्या तुमच्याकडून एक भेट हवी आहे, सोन्याचे पदक. खेळाडूंनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली. त्या रात्री त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते की आपल्या गुरूला कॅन्सर झाला आहे.

पहिला गोल पी. के. यांनी केला. थोड्याच वेळात दुसरा गोल झाला, डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंगचा. कोरियाने शेवटी एक गोल फेडला, पण भारत 2-1 असा जिंकला. कप्तान चुनी गोस्वामी. लाखभर प्रेक्षकांत आपल्या बाजूने ओरडणारे जे मूठभर लोक होते, त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू होते, असे आपल्या खेळाडूंनीच नंतर सांगितले आहे. आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्ण भारताने त्यानंतर एकदाही जिंकलेले नाही.

रहीम घरी परतले. आजार बळावत गेला आणि 11 जून 1963 रोजी, जकार्तानंतर नऊ महिन्यांनी, त्यांचे निधन झाले. वय 53. उत्तम प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला 1985 मध्ये. तेव्हा त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती.

इथे त्यांचे चरित्र संपते, पण माझा खरा प्रश्न इथेच सुरू होतो. ज्यांच्या खेळाच्या फिल्मा आपल्याकडे जवळपास नाहीत, त्या माणसाबद्दलचे प्रेम साठ वर्षे टिकले कसे?

मला वाटते, ते माणसांच्या हातून टिकले. पी. के. पुढे प्रशिक्षक झाले आणि 1970 च्या आशियाई खेळांत कांस्य जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षणात त्यांचा वाटा होता. कोलकात्यात त्यांनी ज्या पिढ्या घडवल्या, त्यांना ते रहीम यांच्या गोष्टी सांगत. हकीम प्रशिक्षक झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले. मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र संघाचेही ते प्रशिक्षक होते. त्या काळात मी रोज कूपरेजवरून बँकेत जात होतो आणि एकदाही आत डोकावलो नाही, याची आता चुटपुट लागते. हैदराबादेत ज्यांनी लहानपणी त्या बिनड्रिब्लिंगच्या आणि कमजोर पायाच्या स्पर्धा खेळल्या, ती मुले कारकून झाली, फौजदार झाली, दुकानदार झाली आणि काही जण मास्तर झाले. चाहता म्हणजे फक्त टाळ्या वाजवणारा नव्हे. आपल्याला मिळालेले जो पुढे कुणाला तरी देतो, तो चाहता.

पण देणारी माणसे संपत चालली आहेत. 2020 मध्ये मार्चला पी. के. गेले, एप्रिलला चुनी गोस्वामी गेले. 2021 मध्ये हकीम गेले, 2023 मध्ये बलराम गेले. 2024 मध्ये रहीम यांच्या आयुष्यावर मैदान नावाचा हिंदी चित्रपट आला, तेव्हा तो पाहून खरे-खोटे सांगू शकतील अशी माणसे फारच थोडी उरली होती. चित्रपट पाहून माझ्या नातवाने मला विचारले, की आजोबा, तुम्ही यांना पाहिले होते का? मी म्हणालो, नाही, मी जन्मलोच त्यांच्यानंतर. पण त्यांच्या नियमाने मी खेळलो आहे. त्याला ते फारसे कळले नाही.

आता त्या फोनबद्दल. सरांनी माझा आवाज लगेच ओळखला, नाव आठवायला जरा वेळ लागला. रहीमसाहेबांचे नाव काढले आणि पलीकडे क्षणभर शांतता. मग ते जवळजवळ तासभर बोलले. रहीम यांना त्यांनी दोनदाच पाहिले होते, तेही लांबून. कधी बोलणे झाले नाही. ते स्वतः बेताचेच खेळाडू होते, कॉलेजच्या संघातही त्यांची निवड झाली नव्हती. पण हैदराबादच्या एका मैदानावर मुलांनी जमवलेल्या कमजोर पायाच्या मॅचमध्ये त्यांना कुणीतरी सहज घेतले. त्या दिवशी त्यांना एक गोष्ट दिसली. भारी खेळणारे सगळे अडखळत होते. चेंडू कुणाचाच ऐकत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणापेक्षाही कमी नव्हते. रहीमसाहेबांनी ही युक्ती खेळाडूचे दोन्ही पाय तयार करायला काढली होती. सरांनी ती आपल्या शाळेत आणली ती मात्र वेगळ्या हेतूने. जो मुलगा कधीच कुणाच्या टीममध्ये घेतला जात नाही, त्यालाही महिन्यातून एक दिवस बरोबरीने खेळता यावे म्हणून.

मित्रहो, टीम पाडताना शेवटपर्यंत उभा राहणारा मुलगा कोण होता, हे तुम्हाला आठवत असेल. नसेल तर सांगतो, मीच. जाड, चष्मेवाला, पळताना धाप लागणारा. दोन्ही कप्तान माझ्यावरून तू घे, तू घे करायचे. नववीत असताना एका शनिवारी, चिंचेकडच्या गोलात, डाव्या पायाने मी एक गोल मारला. गोलकीपर आपला तोच, जो आज या स्मरणिकेचा खजिनदार आहे. तो अजूनही म्हणतो की चेंडू दगडावर आपटून आत गेला. असेल. पण माझ्या आयुष्यातला तो एकमेव गोल आहे, आणि तो योगायोग होता असे मी चाळीस वर्षे समजत होतो. तो तसा नव्हता. माझ्यासारख्यांना तो मारता यावा म्हणून कुणीतरी मुद्दाम नियम केला होता. एका मास्तराने हैदराबादेत, दुसऱ्याने नांदेडात.

सरांना मी त्या दिवशी हे सांगितले नाही. गळा दाटून आला होता आणि रेंजही बरी नव्हती, असे आपण म्हणू. म्हणून हे सगळे इथे लिहिले आहे. सर आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. कानाला यंत्र आहे, पण मेळाव्याला येणार आहेत. त्यांच्यापर्यंत ही स्मरणिका पोहोचेलच.

आयोजकांना माझी एक सूचना आहे. रविवारी सकाळी नाश्त्यानंतर आणि भाषणांच्या आधी आपण पंधरा मिनिटांची मॅच खेळू. आपापली नातवंडेही घ्या, मुलीही घ्या, आपल्या वेळी त्यांना कुणी घेतले नव्हते. गुडघे दुखत असतील त्यांनी गोलात उभे राहावे. सरांसाठी मैदानाच्या कडेला, सावलीत एक खुर्ची आणि गळ्यात शिट्टी. नियम तोच. डावखुऱ्यांनी उजव्या पायाने, बाकी सगळ्यांनी डाव्या पायाने. दुसरा पाय लागला की फाऊल, मग तो माजी मुख्याध्यापकांचा असला तरी.

आणि मॅच संपल्यावर कुणा नातवाने विचारले की हे कशासाठी, तर या वेळी त्याला नीट सांगायचे, की हा रहीमसाहेबांचा खेळ आहे, आणि रहीमसाहेब कोण होते तेही.

येताना कॅनव्हासचे बूट आणा. मैदानावर अजून खडे आहेत.